तुलनेच्या गटातल्या स्त्रीचे आपण काय देणे लागतो? – प्रजनन आरोग्यावरील संशोधन आणि नैतिकता

गोदाकाठ

प्रजनन आरोग्यावरील संशोधनाच्या नैतिकतेची चर्चा आपल्याकडे बहुधा संमतीपत्रावर येऊन थांबते. सही घेतली का, अंगठा असेल तर साक्षीदार होता का, मजकूर मराठीत होता का, या प्रश्नांना होकार मिळाला की समितीतील बहुतेक जण पुढच्या प्रस्तावाकडे वळतात. मी एका संस्थेच्या नैतिकता समितीवर वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सदस्य म्हणून काम करते. सहीपेक्षा अवघड प्रश्न मला वेगळाच वाटतो, तो या चर्चामंचावर मांडते. एखाद्या अभ्यासात जिला मुद्दाम काहीच दिले जात नाही, केवळ दुसऱ्या गटाशी ताडून पाहण्यासाठी जिची नोंद ठेवली जाते, त्या स्त्रीचे आपण काय देणे लागतो?

यासाठी महाराष्ट्रातच झालेल्या दोन चाचण्या समोर ठेवते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्था अनेक वर्षे टिकते आणि त्या काळात ती सापडली तर साध्या उपचाराने स्त्री वाचते. पाश्चात्त्य देशांत पॅप तपासणीने, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, हे साधले होते, परंतु त्या तपासणीला लागणाऱ्या प्रयोगशाळा, पेशीतज्ज्ञ आणि वारंवार बोलावणे आपल्या खेड्यांत शक्य नव्हते. म्हणून १९९८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांची चाचणी सुरू केली. वय ३५ ते ६४, वस्त्यांचे २० समूह. निम्म्या समूहांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी केली, तर उरलेल्या निम्म्या समूहांत केवळ कर्करोगाविषयी माहिती दिली. बारा वर्षांनंतर तपासणीच्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले.

दुसरी चाचणी उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने झाली. तिच्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया आणि चार गट होते. एका गटाची हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगरची तपासणी झाली. चौथ्या गटाला तपासणी कोठे करून मिळते एवढेच सांगण्यात आले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाल्याचे दिसले.

तमिळनाडूतील दिंडिगुलची अशीच चाचणी धरून तिन्ही ठिकाणी तपासणीविना ठेवलेल्या स्त्रिया सुमारे १,३८,००० होत्या आणि त्यांतील किमान २५४ जणी याच कर्करोगाने मरण पावल्या. एरिक सुबा या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने यावर जाहीर आक्षेप घेतला आणि मुंबईच्या चाचणीबाबत अमेरिकेच्या संबंधित सरकारी कार्यालयाने संमती घेताना दिलेली माहिती अपुरी होती असा निष्कर्ष काढला. माझा प्रश्न माहितीच्या पुढचा आहे. माहिती पूर्ण दिली असती, तर चौथा गट, म्हणजे तपासणीविना ठेवलेला गट, नैतिक ठरला असता का?

आकडेमोड

मी सामुदायिक आरोग्याचा डॉक्टर आहे, त्यामुळे माझा कल आधीच सांगून टाकतो. या चाचण्यांना 'स्त्रियांना मरू दिले' असे म्हणणे अन्यायाचे आहे.

त्या काळी उस्मानाबादच्या खेड्यातील स्त्रीला कोणतीच तपासणी मिळत नव्हती. चौथ्या गटात गेल्यामुळे तिच्याकडून काहीही काढून घेतले गेले नाही. दुसरे असे की, व्हिनेगरच्या तपासणीने पूर्वावस्था दिसते एवढेच तेव्हा ठाऊक होते, तिने मृत्यू टळतात का हे कोणालाच माहीत नव्हते. पॅप तपासणीचीही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकून गट ठरवणारी, चाचणी त्यापूर्वी कधी झालेली नव्हती, तिचा पुरावा देशोदेशींच्या मृत्युदरांतील घटीवरून आलेला आहे. उस्मानाबादेत पॅप आणि व्हिनेगर या दोन्ही गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही, हे विसरू नये. तुलनेचा गट नसता आणि केवळ व्हिनेगरच्या तपासणीचा कार्यक्रम देशभर सुरू केला असता, तर विषाणूची तपासणी कितीतरी सरस आहे हे आपल्याला कळले नसते. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

आणखी एक. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. त्या ४७ गावांतही अर्भके दगावलीच. त्या अभ्यासाचे आपण गौरवाने नाव घेतो आणि या चाचणीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, ही विसंगती कोणी समजावून सांगावी.

रानजाई

मी मराठवाड्यात आरोग्यविषयक सर्वेक्षणांवर पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे 'तपासणी कोठे मिळते एवढे सांगितले' या वाक्याबद्दल लिहिते. कागदावर हा सल्ला आहे. गावात त्याचा अर्थ असा होतो की ज्या बाईला पाळी गेल्यावरही अंगावरून जाते आहे आणि ते तिने नवऱ्यालाही सांगितलेले नाही, तिने एक दिवसाची मजुरी सोडून तालुक्याला जावे, अनोळखी डॉक्टरांसमोर तपासून घ्यावे आणि घरी त्याचे कारण सांगावे. हे कितीजणी करतील याचा अंदाज संशोधकांना नसतो असे मी मानत नाही.

चिठ्ठी टाकून गट ठरवणे म्हणजे काय, हे समजावणे त्याहून अवघड. मुलाखतीनंतर 'तुम्हाला काय समजले ते सांगा' असे विचारले की उत्तर बहुधा 'डॉक्टरांनी आमच्यासाठी जे बरे ते ठरवले' असे येते. गट निव्वळ योगायोगाने ठरतो, डॉक्टर प्रत्येकीचा विचार करून ठरवत नाहीत, ही गोष्ट शिकलेल्यांनाही पटकन पटत नाही. त्यात उस्मानाबादेत चिठ्ठी बाईच्या नावाची नव्हती, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसराची होती. अख्ख्या परिसराचा गट ठरल्यावर एकटीने नकार देण्याला कितपत अर्थ उरतो?

ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत हे सगळे एकाच ठिकाणी दिसते. बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यातील सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पिशवी काढलेली असल्याचे समोर आले. त्यानंतर त्या वस्त्यांवर अभ्यासकांची रीघ लागली. ज्या बाईने पहिल्या पथकाला सगळे सांगितले, तिलाच दुसरे आणि तिसरे पथक तेच विचारते: पाळी केव्हा आली, लग्न कितव्या वर्षी झाले, पिशवी का काढली. आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मुकादमावरून जाते. ज्याच्याकडून नवरा-बायकोने कोयत्याची उचल घेतली आहे, जो खाडा झाला तर पैसे कापतो, त्याने 'या बाईंशी बोला' म्हटल्यावर ती बोलते. त्या बोलण्याला मी संमती म्हणायला तयार नाही. हंगाम संपून कामगार गावी परतल्यावर, मुकादमाला मध्ये न घेता, पुन्हा विचारावे असा आग्रह मी धरत आले आहे. त्यात वेळ आणि पैसा जातो म्हणून तो बहुधा नाकारला जातो.

आकडेमोड, एक गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. या भागात अनेक बायकांना खासगी दवाखान्यात सांगितले गेले होते की पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल. अशा वातावरणात संशोधनाचे पथक येते आणि कर्करोगाची माहिती देते, तपासणी मात्र देत नाही. ती भीती घेऊन बाई कोणाच्या दारात जाईल? 'केवळ माहिती दिली' हा तुलनेचा गट दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

गोदाकाठ

रानजाई, शेवटचा मुद्दा मला सुचला नव्हता. समितीत माहितीपत्रकाकडे आम्ही भाषेच्या नजरेने पाहतो, ते वाचून बाई पुढे कोणाकडे जाईल याचा विचार करत नाही.

आकडेमोड, तुमचे दोन मुद्दे मी वेगळे करते. 'तिच्याकडून काही काढून घेतले नाही' हा युक्तिवाद प्रजनन आरोग्याच्या संशोधनात पूर्वीही केला गेला आहे. एचआयव्हीबाधित गर्भवतीकडून बाळाकडे होणारे संक्रमण एझेडटी या औषधाने दोन-तृतीयांशांनी कमी होते हे १९९४ मध्ये सिद्ध झाले होते. त्यानंतरही आफ्रिका आणि थायलंडमधील चाचण्यांत काही गर्भवतींना निष्क्रिय गोळी दिली गेली. समर्थन हेच होते, की त्या देशांत त्यांना एरवीही औषध मिळत नव्हते. १९९७ मध्ये यावर मोठा वाद झाला. या युक्तिवादातली मला खटकणारी बाजू अशी की सरकारने जितके कमी दिले असेल, तितकी संशोधकाची जबाबदारी कमी होते. सेवा नसलेला जिल्हा संशोधनासाठी सोयीचा ठरतो.

नियमांचेही पाहू. वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकतेची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या १९९६ च्या आवृत्तीत, म्हणजे या चाचण्या आखल्या जात होत्या त्या काळात, प्रत्येक रुग्णाला, तुलनेच्या गटातील रुग्णालाही, सिद्ध झालेली सर्वोत्तम निदान व उपचार पद्धती मिळाली पाहिजे असे म्हटले होते. २०१३ च्या आवृत्तीत काही न देण्याची मुभा आहे, पण त्यासाठी भक्कम शास्त्रीय कारण हवे आणि त्याचबरोबर त्या व्यक्तीला गंभीर किंवा भरून न येणारी इजा होण्याचा जादा धोका नको. कर्करोगाने येणारा मृत्यू भरून येत नाही. पॅप सिद्ध होती की नाही यावर तुम्ही वाद घालू शकता आणि तो वाद प्रामाणिक आहे, हे मान्य करते. मात्र वाद प्रामाणिक असेल तर तो माहितीपत्रकात असायला हवा होता: 'ही तपासणी अन्य देशांत केली जाते, तुम्हाला आम्ही ती देणार नाही आहोत, त्याचे कारण असे.'

गडचिरोलीची विसंगती मलाही अस्वस्थ करते. माझ्यापुरते उत्तर असे की नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेता येते हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हते, ४७ गावांपासून दडवून ठेवावे असे काही हाताशी नव्हते. शिवाय त्या ज्ञानाचे पुढे काय झाले तेही पाहा. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, तो कार्यक्रम याच कामातून आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाबतीत चौथा गट ठेवण्याचे सर्वांत मोठे समर्थन असे होते की निष्कर्षातून देशाला धोरण मिळेल. धोरणाची चौकट २०१६ मध्ये आली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीही झालेल्या १.९ टक्के आहेत. ज्या देण्याच्या भरवशावर चौथा गट ठेवला गेला, ते देणे अजून बाकी आहे.

आकडेमोड

१.९ टक्क्यांची लाज मलाही वाटते. तो दोष आरोग्ययंत्रणेचा आहे, तो चाचणीच्या आखणीला चिकटवता येणार नाही. संशोधक लस किंवा तपासणी सिद्ध करू शकतो, अर्थसंकल्प मंजूर करू शकत नाही. मुंबईत चाचणी संपल्यावर तुलनेच्या गटालाही तपासणी देऊ करण्यात आली, हेही लिहायला हवे.

तुमच्या एका मुद्द्यापुरते मात्र मी मागे सरकतो. चाचणी पंधरा वर्षे चालते, तेव्हा मध्येच एका गटाची सरसता स्पष्ट होऊ लागते. त्या क्षणी तुलनेच्या गटाचे काय करायचे, हे आधी लिहून ठेवलेले असावे आणि तो निर्णय चाचणीशी संबंध नसलेल्या देखरेख मंडळाच्या हाती असावा. औषधांच्या चाचण्यांत ही पद्धत रुळली आहे, स्क्रीनिंगच्या चाचण्यांत ती तितक्या काटेकोरपणे पाळली जात नाही. आज कोणी नव्याने 'काहीच नाही' असा गट घेऊन आमच्या समितीकडे आला तर मी स्वतः विरोधात मत देईन, कारण आज उत्तर माहीत आहे. १९९८ चा निर्णय १९९८ च्या माहितीवर जोखावा, इतकेच म्हणणे आहे.

पांथस्थ

'तेव्हाच्या माहितीवर जोखावा' हे वाक्य वाचून दोन जुन्या घटना आठवल्या. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरने १९६६ पासून गर्भाशयमुखाच्या पूर्वावस्थेतील स्त्रियांवर पुरेसा उपचार न करता नुसती पाहणी चालू ठेवली. ही अवस्था कर्करोगात बदलत नाही असे त्याचे मत होते. काहींचा कर्करोग पसरला आणि काही दगावल्या. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी मासिकातून हे उघड केले, न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी चौकशी केली आणि १९८८ च्या अहवालानंतर त्या देशातली रुग्णहक्कांची आणि नैतिकता समित्यांची सगळी व्यवस्था बदलली.

त्याच काळात, १९७६ ते १९८८ दरम्यान, दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने अकराशेहून अधिक स्त्रियांची अशीच पाहणी केली. रोग पुढे कसा सरकतो ते पाहायचे, म्हणून पूर्वावस्थेवर उपचार केले नाहीत. काहींना पुढे कर्करोग झाला. १९९७ मध्ये वृत्तपत्रांतून हे बाहेर आले तेव्हा बचाव होता की तोंडी संमती घेतली होती. तिथे न्यायालयीन चौकशी झाली, इथे थोडी खळबळ झाली आणि २००० मध्ये परिषदेची नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. या दोन घटनांचा महाराष्ट्रातल्या चाचण्यांशी थेट संबंध जोडत नाही, कारण इथे निदान झालेल्या स्त्रीला उपचाराविना ठेवलेले नव्हते आणि हा फरक फार मोठा आहे. पण 'त्या काळी असेच चालत होते' हे उत्तर ऑकलंडमध्ये स्वीकारले गेले नाही, एवढे नोंदवतो.

कलम_एकोणीस

संमतीचा प्रश्न मागे पडला असे वाटू नये म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो.

२००९ मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत सुमारे २४ हजार मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प 'पाथ' या संस्थेने राबवला. खम्ममच्या आश्रमशाळांत अनेक संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. ज्या सात मुली दगावल्या, त्यांच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत म्हटले गेले, आणि तरीही २०१३ मध्ये संसदीय समितीने संमतीच्या प्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. लस सुरक्षित होती म्हणून वॉर्डनची सही वैध ठरत नाही आणि सही अवैध होती म्हणून लस घातक ठरत नाही. गावोगावच्या चर्चेत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आणि त्याची किंमत लसीने मोजली.

सर्वांत मोठा पेच अल्पवयीन मुलींच्या संशोधनात आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीवर लैंगिक गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कलम २१ नुसार न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. या कायद्याच्या नजरेत सतरा वर्षांच्या मुलीचा होकार हा होकारच नाही. आता विचार करा: गर्भनिरोधकांच्या वापराचा अभ्यास आहे, मुलाखतकार सतरा वर्षांच्या विवाहित मुलीला 'तुमची माहिती कोणालाही कळणार नाही' असे वाचून दाखवते आणि पुढच्याच प्रश्नाचे उत्तर तिला कळवण्याच्या बंधनात टाकते. दिलेले आश्वासन पहिल्या मिनिटालाच खोटे ठरले.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख पोलिसांना कळवण्यातून डॉक्टरांना सूट दिली, मात्र ती सूट नोंदणीकृत डॉक्टरांना आणि मुलीच्या व पालकांच्या विनंतीवरून आहे. संशोधकांना ती लागू होत नाही. माझ्या मते प्रामाणिक मार्ग दोनच आहेत: गोपनीयतेची मर्यादा मुलाखत सुरू होण्यापूर्वी स्पष्ट सांगायची, किंवा नाव, गाव आणि ओळख पटवणारे काहीही मुळात नोंदवायचेच नाही. पहिल्या मार्गाने मुली बोलायच्या थांबतात. दुसऱ्या मार्गाने पाठपुरावा अशक्य होतो आणि जिला मदत हवी आहे तिच्यापर्यंत पुन्हा पोहोचता येत नाही. दोन्हींत तोटा आहे, आणि कोणता तोटा पत्करला हे प्रस्तावात लिहिले पाहिजे. आजवर मी वाचलेल्या बहुतेक प्रस्तावांत 'गोपनीयता राखली जाईल' हे एकच वाक्य असते.

मुळाक्षर

एक छोटी भर. पुरुषांवरील गर्भनिरोधक संशोधनात सहभागी कोण, हेही तपासा. रिसुग या इंजेक्शनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३०३ पुरुष होते आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. इंजेक्शन पुरुषाला, पण ते फसले तर गर्भ राहणार बायकोला. तिची संमती स्वतंत्र हवी आणि गर्भ राहिल्यास पुढचा निर्णय तिचा असेल, त्याचा खर्च कोण करणार, हे लिहिलेले हवे. नवऱ्याच्या संमतीपत्रावरची 'पत्नीची सही' ही ओळ त्यासाठी पुरेशी नाही.

नवखी

मी सामाजिक आरोग्याची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. प्रसूतीनंतर लगेच बसवल्या जाणाऱ्या तांबीविषयी माझा प्रबंध आहे. ज्या स्त्रिया तांबी बसवून घेतात त्यांचा सहा महिने पाठपुरावा करून किती जणींनी ती काढली आणि का, हे पाहायचे आहे. तुलनेचा गट नाही, औषध नाही, त्यामुळे धोका किमान आहे असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. संमती प्रसूतिकक्षात दाखल होताना घ्यावी असे ठरले होते. हा धागा वाचून मला शंका आली आहे. जाणकारांनी सुचवावे.

रानजाई

नवखी, कळा सुरू असलेल्या बाईसमोर कागद धरू नका. त्या वेळी ती कशावरही सही करेल, कारण तिला वाटते की नाही म्हटले तर नर्स आपल्याकडे दुर्लक्ष करतील. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीला ती येते तेव्हा, सासू बाहेर बसलेली असताना, तिच्याशी बोला. तेव्हा गाठ पडली नसेल तर प्रसूतीनंतर, तिला विश्रांती मिळाल्यावर आणि तिने बाळाला पाजल्यावर विचारा. तुमचा अभ्यास पाठपुराव्याचा आहे, त्यामुळे एक-दोन दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही.

दुसरे अधिक महत्त्वाचे. सरकारी दवाखान्यांत तांबी बसवल्याचे बाईला नंतर कळले अशा तक्रारी नव्या नाहीत. तुमच्या पाठपुराव्यात अशी एखादी बाई समोर येईल. 'तांबी का काढली' या प्रश्नाला ती उत्तर देईल, 'बसवली आहे हेच मला माहीत नव्हते.' त्या उत्तराचे तुम्ही काय करणार, ते आधी ठरवा.

गोदाकाठ

रानजाईंनी म्हटलेले तुमच्या प्रस्तावात शब्दशः असावे. आमच्या समितीपुढे आला तर मी आणखी तीन गोष्टी विचारीन. तांबी बसवण्याची संमती आणि अभ्यासात सहभागी होण्याची संमती यांचे कागद वेगळे आहेत का? अभ्यासाला नकार दिला तरी तांबी मिळेल, तांबी नको असेल तरी प्रसूतीच्या सेवेत फरक पडणार नाही, हे तोंडी सांगणार कोण? ती व्यक्ती प्रसूतिकक्षातली नर्स असू नये, कारण तांबीचे उद्दिष्ट तिच्याच डोक्यावर असते. आणि फोनवरून पाठपुरावा करणार असाल तर फोन कोणाचा आहे? पुष्कळ घरांत तो नवऱ्याचा असतो. तांबीविषयी नवऱ्याला माहीत नसेल तर तुमच्या एका फोनने तिचे घर ढवळून निघेल. तिने सांगितलेल्या वेळी, तिने सांगितलेल्या नावाने, आणि ती म्हणेल तरच फोन करायचा, असे माहितीपत्रकात लिहा.

पाठपुराव्यात एखादीला दुखणे, रक्तस्राव किंवा तांबी सरकल्याचे आढळले तर तिला कोठे पाठवणार, त्या ठिकाणी कोणाशी बोलून ठेवले आहे आणि प्रवासाचा खर्च कोण देणार, हेही विचारीन. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांत अभ्यासादरम्यान आढळलेल्या अन्य आजारांच्या उपचाराचा विचार केलेला आहे, त्याचा आधार घेऊन अंदाजपत्रकात एक ओळ घाला. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना निधी नसतो हे खरे. तसे असेल तर नमुना लहान करा, पण ती ओळ काढू नका.

नवखी

दोन्ही कागद वेगळे करते. फोनचा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तांबी बसवल्याचे माहीत नसलेली बाई भेटली तर, तिची इच्छा असल्यास, त्याच दिवशी काढण्याची सोय व्हावी यासाठी ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांशी आधी बोलून त्यांचे पत्र जोडता येईल का, हे मार्गदर्शकांना विचारते. मात्र तक्रार नोंदवायची असेल तर ती त्याच रुग्णालयाकडे कशी नोंदवणार, हे अजून उमजत नाही.

कलम_एकोणीस

त्याच रुग्णालयाकडे नोंदवू नका. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते, तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो. मात्र तक्रार तिने करायची की नाही, हे तिचे तिने ठरवायचे. तिच्या वतीने तुम्ही परस्पर पत्र लिहिलेत तर जिच्या अंगावर एकदा तिला न विचारता निर्णय झाला, तिच्यावर तो दुसऱ्यांदा होईल. पत्ते आणि दूरध्वनी छापलेला कागदही तिने मागितला तरच द्या, कारण तो घरी कोणाच्या हाती पडेल हे तिलाच ठाऊक असते.